पर्यायी बंदर

सातपूरला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
बिस्किटांच्या गोदामावर, तिसऱ्या मजल्यावर
एक बंदर आहे.
त्याला समुद्र नाही.
चौदा टेबलं आहेत, चौदा फोन, एक जनरेटर,
आणि भरती-ओहोटीचं कॅलेंडर, जे मी
दर महिन्याला न चुकता उलटते.

खरं बंदर खाली, घाट उतरून.
तिथे पाणी आत शिरलं, जमीन हलली, किंवा वारा
क्रेनचं ऐकेनासा झाला
तर चार तासांत कामकाज इथून सुरू व्हावं,
असं आराखड्यात लिहिलंय.
आराखडा मीच लिहिलाय.
पान एकतीस. पर्यायी केंद्र : नाशिक.
कारण : समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट.

मुलाखतीत विचारलं होतं, पूर्वानुभव?
म्हटलं, भांडीबाजारात जन्म.
ते हसले. मी नाही हसले.

आमच्या दुकानालाही आराखडा होता, कागद तेवढा नव्हता.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी – खालचे खण रिकामे.
कमरेला – पितळ माळ्यावर.
छातीला – आधी वह्या, मग गल्ला, मग माणसं,
असा क्रम अप्पा सांगायचे
आणि आई दर पुरात तो उलटा करायची.
तांब्याचे हंडे तसेच राहू देत. अप्पा म्हणायचे,
हंड्याचं काय बुडतं? घासला की झाला.
समोरच्या करड्यांचा माळा उंच,
म्हणून आमचा माल त्यांच्याकडे. करार नाही, पावती नाही.
तेच मी पान बावीसवर घातलंय,
‘परस्पर साहाय्य’ असं बारसं करून.
सल्लागारांना फार आवडलं.

जूनमधल्या एका बुधवारी रात्री
तीन नंबरचा फोन वाजला.
सहा वर्षं तो महिन्यातून एकदाच वाजायचा.
हॅलो, ही चाचणी आहे. हॅलो, चाचणी मिळाली.
आज पलीकडून हरेश्वर तांडेल म्हणाला,
मॅडम, ही चाचणी नाही.
त्याच्या मागे जो आवाज होता
तो माझ्या कुठल्याच पानावर नव्हता.

क्रेनना खिट्ट्या घातल्यात. जहाजं खोल पाण्यात धाडलीत.
गारव्याचे एकशे बारा कंटेनर अजून विजेवर,
त्यात नऊ सटाण्याच्या डाळिंबांचे.
डिझेल अकरा तासांचं.
आणि इथे यायला निघालेली माणसं?
कसाऱ्याला दरड. बस खर्डीत उभी.

चौदा टेबलं, मी एकटी,
आणि चहा घेऊन वर आलेले
गोदामाचे वॉचमन, सावळीराम पेखळे.
लिहिता येतं ना?
आकडे येतात.
बसा मग पाच नंबरला.
ते टोपी काढून बसले, देवळात बसावं तसे.
कुठला डबा किती अंशांवर, ऐकत, लिहीत गेले,
सातच्या पोटात आडवी रेघ देत.
त्या रात्री दोघांनी मिळून एक बंदर चालवलं.
दोघांपैकी एकाने समुद्र पाहिलेला नव्हता.

साडेतीनला लाइन गेली.
आराखड्यात याला ‘संपर्क-खंड’ म्हणतात,
आणि पुढे काय करायचं ते तीन ओळींत दिलंय.
तिन्ही करून झाल्या.
खाली कुत्रं भुंकलं. बिस्किटांचा गोड वास वर येत होता.
सावळीराम म्हणाले, आता कुठवर असेल पाणी?
मी सवयीने बोलून गेले, कमरेला.
कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

चार दहाला तांडेलचा आवाज : आहोत.
मी वेळ लिहिली.

डाळिंबांचे चार डबे गेले. पाच राहिले.
आता नवी आवृत्ती लिहायला घेतलीय.
पाच नंबरपुढे सावळीरामांचं नाव, मोबाइल नंबर.
मग तांडेलला फोन लावला,
तुमच्याकडे पाण्यात उभं असं काय आहे?
तो थोडा थांबला. म्हणाला, जुन्या धक्क्यावर एक तोफ आहे,
उलटी पुरलेली, दोर बांधायला.
तिच्या गळ्याला पाणी लागलं की
आमची म्हातारी माणसं होड्या वर ओढतात.
आराखड्यात घालण्यासारखं नाही ते, मॅडम.

पान एक, म्हटलं. सांगा सावकाश.